साक्षीपारा हॉल्ट

दुपारची भांडी आवरून झाली होती, गल्लीतला भाजीवाला गाडा झाकून घरी गेला होता, आणि सहा वर्षांची साक्षी, सतरा सबबी सांगून झाल्यावर, एकदाची झोपली होती. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या त्या घरात अशी शांतता क्वचितच उतरते. नीलिमाने पाय लांब केले, चहाचा पहिला घोट घेतला, आणि तेवढ्यात टेबलावरच्या लॅपटॉपचा पंखा घरघरला.

कुणी हात लावला नव्हता. झाकण लावून ठेवलं तरी त्या यंत्राला अधूनमधून स्वतःहून काहीतरी नवीन उतरवून घ्यायची हुक्की यायची, आणि मग पिठाच्या गिरणीत कुणी मूठभर खडे टाकावेत तसा आवाज निघायचा. साक्षी झोपेतच कुशीवर वळली आणि म्हणाली, "मम्मी, आबाची गाडी आली?"

शांतता संपली. नीलिमाने चहा पुरा केला, पण तो आता नुसता चहा होता.

आबा म्हणजे हिरालाल मेश्राम, नीलिमाचे सासरे. जन्म भंडाऱ्याकडचा, नोकरी सगळी रायपूरची. रेल्वेत गार्ड, आणि तेही छोट्या लाइनवर. रायपूरहून अभनपूर, तिथून एक फाटा राजिमला आणि दुसरा धमतरीला, अशी ती अरुंद रुळांवरची गाडी. तिच्या वेगाबद्दल रायपुरात पुष्कळ विनोद होते आणि हिरालालना ते सगळे ठाऊक होते. त्यांच्यासमोर सांगायची मात्र कुणाची छाती नव्हती. पुढे ती लाइन बंद झाली. रूळ उखडले गेले, शहरातल्या रुळांच्या जागी गुळगुळीत रस्ता झाला. त्या रस्त्यावरून स्कूटरने जाताना हिरालाल आजही जुन्या फाटकाच्या जागी वेग कमी करतात. मागचे लोक हॉर्न वाजवतात. हिरालाल दोन्ही बाजूंना बघतात आणि मगच पुढे जातात.

असा माणूस घरी बसला की घराला त्रास. म्हणून मुलाने, प्रफुल्लने, त्यांच्या लॅपटॉपवर आगगाडीचा एक फुकटचा खेळ टाकून दिला. आकाशातून खाली बघावं तशी जमीन दिसते, डोंगर, तळी, छोटी छोटी गावं. आपण रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, गाड्या सोडायच्या. गावातली माणसं आपोआप फलाटावर जमतात, गाडीत बसतात, कुठेतरी उतरतात. हिरालालनी आधी तोंड वाकडं केलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन वर्षं ते त्या खेळातून फारसे बाहेर आले नाहीत. त्यांनी अख्खी छोटी लाइन बांधून काढली, तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूर, राजिम, धमतरी. प्रत्येक वळण जिथल्या तिथे. खेळात सरळ रूळ टाकले तर गाडी लवकर पोचते, हे प्रफुल्लने त्यांना सांगून पाहिलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "लौकर पोचून काय करतं रे लेका?"

माना आणि केंद्रीच्या मधे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जिथे नुसत्या बाभळी होत्या, तिथे नातीच्या हट्टापायी त्यांनी एक स्टेशन जास्तीचं बांधलं. रायपुरात वस्तीला पारा म्हणतात, म्हणून त्याचं नाव साक्षीपारा हॉल्ट. हिरालालनी रेल्वेच्या नियमाबाहेर जाऊन केलेली ती आयुष्यातली एकमेव गोष्ट.

रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी त्या दोघांची ड्यूटी लागायची. साक्षी खुर्चीवर उभी राहून हिरवा टॉवेल हलवायची, आबा खरी शिट्टी वाजवायचे, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की साक्षी ओरडायची, "इंजन गरम हो गया!" आणि सासूबाई, कमलाबाई, चहाचा कप ठेवताना फलाटावरच्या आवाजात म्हणायच्या, "चाऽय गरम."

आता दोघंही नागपूरला मुलीकडे गेले होते. हिरालालच्या डोळ्यात मोतीबिंदू होता, त्याचं ऑपरेशन होतं. निघताना त्यांनी सुनेला बजावलं होतं, "सूनबाई, मी सेव्ह करून ठेवलं आहे. गाडी मानावरून सुटली आहे, साक्षीपाऱ्याले पोचली नाही अजून. तशीच राहू दे. वापस आल्यावर पोचवतो." आणि साक्षीला वेगळं बोलावून, "गार्डाशिवाय गाडी हलवाची नाही. समजलं काय, पोट्टे?"

"हव, आबा," साक्षी म्हणाली होती.

नीलिमाच्या मनात काय आलं ते चांगलंच होतं, हे आधी सांगून ठेवायला हवं. या गोष्टीत वाईट हेतू असलेलं कुणी नाही. असतं तर निदान शिव्या घालायला सोपं गेलं असतं. तिला वाटलं, बाबा नवे डोळे घेऊन घरी येतील तेव्हा त्यांना लॅपटॉपही नवा दिसावा. झटकन उघडणारा, मोठ्या अक्षरांचा आणि मुख्य म्हणजे मुका.

उपाय वरच्या मजल्यावर राहत होता. सुनेत्राताई पुण्याहून नव्या राजधानीतल्या कुठल्याशा संस्थेत आलेल्या, कॉम्प्युटरमधल्या बाई. जिन्यातच म्हणाल्या, "अगं, लिनक्स टाक त्याच्यावर, म्हणजे लॅपटॉप चालवणारी यंत्रणाच नवी. फुकट आहे, हलकं आहे, व्हायरसची कटकट नाही. आणि साक्षीसाठी इतके खेळ आहेत त्यात, सगळे फुकट, जाहिरातीसुद्धा नाहीत. मी पेन ड्राइव्ह बनवून देते. तुला करायचं काहीच नाही, फक्त 'पुढे, पुढे' म्हणत जायचं." पेन ड्राइव्ह देऊन त्या दौऱ्यावर बस्तरला निघून गेल्या. जे लोक 'करायचं काहीच नाही' म्हणतात ते नेमके करायच्या दिवशी गावाला का जातात, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

तरी नीलिमा डगमगली नाही, कारण ती पीजीडीसीए होती. छत्तीसगडात ज्याने पदवीनंतर हा वर्षाचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला नाही त्याचं लग्न जमायला त्रास होतो, असं म्हणतात. नीलिमाचं प्रमाणपत्र कमलाबाईंनी कौतुकाने फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, थोडं बाजूला, लावलं होतं. तेव्हापासून घरात टीव्हीचा रिमोट बिघडला, गॅसचा नंबर लागला नाही किंवा मिक्सरमधून वास आला, तरी सगळे नीलिमाकडे बघायचे. तिने ऑफिसात फोन करून प्रफुल्लला विचारलं तर तोही म्हणाला, "नीलू, पीजीडीसीए तू हाये. मले काय विचारून राहिली? माही इथं फाइल अटकली आहे."

शेजारचे शरच्चंद्रकाका मात्र विचारायच्या आधीच आले. काका मूळचे तात्यापाऱ्यातले, गणिताचे निवृत्त मास्तर; भिंतीपलीकडे पेन ड्राइव्हचं टोपण पडलं तरी त्यांना ऐकू जातं.

"फुकट?" ते म्हणाले. "बेटा, मी या रायपुरात जन्म काढला. इथं फुकटात टिकाऊ अशी एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे सल्ला. तो मी देतो. करू नकोस."

"काका, जगभरचे लोक मिळून बनवतात ते. प्रेमानं."

"प्रेमानं!" काका खुर्चीवर बसले. त्यांना आता ते बघायचंच होतं.

नीलिमाने आधी घरातलं सामान बाहेर काढलं, म्हणजे लॅपटॉपमधल्या महत्त्वाच्या गोष्टी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. त्यात ती कुठे चुकली म्हणायची सोय नाही. लग्नाचे फोटो घेतले, साक्षीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो घेतले, बाबांची पेन्शनची कागदपत्रं घेतली, सासूबाईंची बुद्धवंदनेची ध्वनिफीत घेतली. प्रफुल्लच्या भाषणस्पर्धेचा व्हिडिओसुद्धा घेतला, जो कुणी कधी पाहत नाही. शेवटी पडद्यावर खेळाचं चिन्ह उरलं, एक इवलं इंजिन. त्यावर तिचा बाण क्षणभर थांबला. मग तिने विचार केला, हा तर फुकटचा. हा केव्हाही परत मिळतो.

पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायला कुठलंसं बटण दाबावं लागतं आणि ते प्रत्येक कंपनीने स्वतःच्या लहरीप्रमाणे ठेवलेलं असतं. नीलिमाने एक दाबलं, मग दुसरं. काका म्हणाले, "सगळी वरची ओळ एकदम दाब. एखादं लागेल." तिने तळहात ठेवला. लॅपटॉप असा काही किंचाळला की साक्षी उठून बसली आणि आता तीही प्रेक्षकांत आली. शेवटी लागलं. भाषांच्या यादीत मराठीही होती! नीलिमाला भरून आलं. तिने मराठी निवडली, आणि त्या मराठीतला एकही शब्द कळेना म्हणून मागे जाऊन इंग्रजी निवडली.

पुढे, पुढे, पुढे. आणि मग तो प्रश्न आला. यंत्र विचारत होतं, जे आधीपासून आहे त्याच्या शेजारी मी राहू, की सगळं पुसून काढून एकट्याने राहू?

इथे कमलाबाईंबद्दल सांगितलं पाहिजे. त्या तेव्हा नागपूरला नवऱ्याच्या डोळ्यात थेंब घालत होत्या, पण त्यांचा नियम घरात हजर होता. रेल्वेची नोकरी म्हणजे क्वार्टर बदलणं. कमलाबाईंनी आयुष्यात क्वार्टरमागून क्वार्टर बदलली आणि प्रत्येक वेळी सामानाचा ट्रक दाराशी उभा ठेवून, हमाल कावत असताना, आधी अख्खी क्वार्टर धुतली. फिनेल, मग पाणी, मग पुन्हा फिनेल. भिंतींना चुना, मोरीत गरम पाणी. मागच्या माणसाचा खिळासुद्धा त्या भिंतीत ठेवायच्या नाहीत. "मागच्यायच्या कचऱ्यावर आपली चूल नाही मांडाची," हे वाक्य नीलिमाने लग्न होऊन आल्या दिवशी ऐकलं होतं. त्यानंतर ती जिथे जिथे राहिली तिथे तिने आधी झाडू मारला, मग पिशवी खाली ठेवली.

तेव्हा शेजारी राहण्याचा प्रश्नच नव्हता. चांगल्या घरची सून होती ती. तिने 'सगळं पुसून' निवडलं. यंत्राने पुन्हा विचारलं, नक्की ना? काका म्हणाले, "दोनदा विचारतंय म्हणजे सभ्य आहे." नीलिमाने हो म्हटलं.

त्यानंतरचे दोनतीन दिवस, खरं सांगायचं तर, फार सुखाचे गेले, आणि पुढे नीलिमाला त्यांचंच जास्त वाईट वाटत राहिलं.

अडचणी आल्या, नाही असं नाही. वायफाय लागेना. वायफाय लागण्यासाठी एक फाइल हवी होती आणि ती इंटरनेटवरून उतरवायची होती. रहिवासी दाखल्याला विजेचं बिल लागतं आणि बिल नावावर करायला रहिवासी दाखला लागतो, असल्या वातावरणात वाढलेल्या माणसाला यात काही नवीन नव्हतं. तिने मोबाइल वायरने जोडला आणि मागच्या दाराने इंटरनेट आत आणलं. मग पासवर्ड. यंत्र पासवर्ड मागायचं, ती टाइप करायची आणि पडद्यावर काहीही उमटायचं नाही. ठिपका नाही, फुली नाही. कीबोर्ड गेला असं ठरवून तिने तो उलटा करून झटकला. त्यातून साक्षीच्या बिस्किटाचे तुकडे आणि एक जिवंत मुंगी निघाली. काकांनी बटणं जोरात दाबायला सांगितली. फोनवर सुनेत्राताई हसत सुटल्या, "अगं, ते लाजाळू आहे. दिसत नाही, पण ऐकतं. टाइप कर आणि एंटर मार." नीलिमाने मारलं. ऐकलं! डोळे मिटून वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद द्यावा तसं यंत्राने सगळं मुकाट मान्य केलं.

आणि मग खेळ. एका यादीत शेकड्याने खेळ, पुढे 'बसवा' असं बटण, आणि कुठेही पैसे मागणारी खिडकी नाही. नीलिमाला लहानपणी आईबरोबर शास्त्री बाजारात गेल्याची आठवण झाली, फक्त इथे प्रत्येक दुकानदार म्हणत होता, घेऊन जा. साक्षीने बर्फावरून पोटावर घसरणारा पेंग्विन घेतला. चित्रं काढायचा एक खेळ घेतला, ज्यात रंग टाकला की 'प्लॉप' असा आवाज येतो; तिने सगळा पडदा जांभळा केला आणि त्याला 'बैंगन' असं नाव दिलं. नीलिमाने पत्त्यांचा एक डाव घेतला. काकांसाठी बुद्धिबळ घेतलं. काका पहिला डाव हरले, दुसरा हरले आणि म्हणाले, "फुकटाच्या मानानं बरं खेळतं." मग रोज यायला लागले.

लॅपटॉप क्षणात उघडायचा. अक्षरं मोठी, टपोरी. आणि पंखा? तो आहे की नाही हे बघायला कान लावावा लागे. साक्षी झोपलेली असताना नीलिमा शेजारी बसून पत्ते लावायची, आणि त्या चोरलेल्या अर्ध्या तासात तिला वाटायचं की आयुष्यात एक गोष्ट आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट केली.

आगगाडीचा खेळ तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. तोही यादीत होता, तोच, तेच इंजिन. तिने बसवला. साक्षी धावत जाऊन हिरवा टॉवेल घेऊन आली आणि खुर्चीवर चढली.

खेळ उघडला. हिरवी जमीन, डोंगर, एक तळं. परक्या नावांची परकी गावं. रूळ नाहीत.

"आबा की गाड़ी कहाँ है?" साक्षीने टॉवेल वर धरूनच विचारलं.

"थांब, आतमधे असंल." नीलिमाने जुने खेळ उघडायची खिडकी काढली. ती कोरी होती. तिने ती बंद करून पुन्हा उघडली. कमलाबाईंनी धुतलेल्या क्वार्टरीसारखी ती स्वच्छ होती.

नीलिमाला तेव्हा कळलं की खेळ फुकट मिळतो, पण त्यात बसून घालवलेल्या संध्याकाळी कुठल्याच यादीत नसतात. ती साक्षीला म्हणाली, "गाडी यार्डात गेली आहे." आयुष्यात पहिल्यांदा ती मुलीशी रेल्वेबद्दल खोटं बोलली.

सुनेत्राताई फोनवर एकदम गंभीर झाल्या. "काही करू नकोस. लगेच बंद कर. त्याच्यावर नवीन काही टाकलं नाहीस ना?"

नीलिमाने पेंग्विनकडे पाहिलं. बुद्धिबळाकडे पाहिलं. बैंगनकडे पाहिलं. "थोडंसं," ती म्हणाली.

पुसलेला माल परत काढून देणारं एक दुकान जवळच होतं. तिथला सुशील म्हणजे नियमांचा माणूस. "दीदी, डेटा निजी चीज़ है। बिल किसके नाम पे है?" बिल हिरालालच्या नावावर होतं, निवृत्तीच्या वेळी त्यांनी स्वतः जाऊन लॅपटॉप घेतला होता. "तो आवेदन उनका लगेगा। और उनको खुद आना पड़ेगा।"

"भैया, ते नागपूरला आहेत. आंख का ऑपरेशन हुआ है."

"तो आँख ठीक होने दीजिए।"

डोळे ठीक व्हायच्या आत तर हे करायचं होतं! दुसऱ्या दिवशी ती प्रफुल्लला अर्धी रजा टाकायला लावून घेऊन गेली. मुलगा आहे, सही करेल. सुशीलने मान हलवली. "बेटे हैं, ठीक है। वारिस के तौर पे कर देंगे। बस मृत्यु प्रमाण पत्र की कॉपी लगा दीजिए।"

"अहो, जिवंत आहेत ते!" नीलिमा ओरडली. दुकानातले सगळे वळून बघायला लागले.

"जिंदा हैं तो खुद आएँ," सुशील शांतपणे म्हणाला. यात खोट काढायला जागा नव्हती. प्रफुल्ल स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्याला तर सुशीलबद्दल आदरच वाटला. "बरोबर आहे त्याचं," तो बाहेर येऊन म्हणाला, आणि मग बायकोचा चेहरा बघून, "म्हणजे चूकच आहे."

शेवटी शरच्चंद्रकाका काठी घेऊन गेले. "सुशील, तेरे बाप को मैंने गणित में पास कराया था। मुश्किल से।" लॅपटॉप लगेच आत घेतला गेला.

आठवडाभराने जे परत मिळालं ते असं होतं. प्रफुल्लचा लग्नाआधीचा बायोडेटा, ज्यात त्याने 'पोहणे' हा छंद लिहिला होता. त्याला पाण्याची भीती वाटते. लग्नाचे तेच फोटो जे आधीच वाचवले होते, पण आता कमरेखाली सगळे राखाडी. गॅसची पावती. कमलाबाईंचा आंब्याच्या लोणच्याचा व्हिडिओ, मीठ घालायच्या आधीपर्यंतचा. गाडी नव्हती. "जो ऊपर से लिख गया, वो गया, दीदी," सुशील म्हणाला. वाईट वाटून म्हणाला, म्हणून नीलिमाला त्याचा राग धरता येईना.

बाबा यायला थोडे दिवस होते. नीलिमाने कमरेला पदर खोचला. लाइन पुन्हा बांधायची! ती भाताला आधण ठेवायची आणि तेवढ्यात तेलीबांध्यापर्यंत रूळ टाकायची. साक्षी शाळेतून आली की शेजारी बसून आठवेल ते सांगायची. "इथं वळते गाडी." "किती वळते?" "आबा ऐसे झुकते हैं, उतनी." आणि ती खुर्चीवर डावीकडे कलायची. त्या कलण्यावरून नीलिमा रूळ वाकवायची.

पण खेळ वाटला तितका सोपा नव्हता. पहिल्याच दिवशी तिच्या दोन गाड्या समोरासमोर येऊन धडकल्या आणि खेळातल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली. हिरालालच्या दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मग अभनपूर. तिने एका गावाचं नाव बदलून अभनपूर ठेवलं, स्टेशनसाठी आजूबाजूची झाडं तोडली, आणि खेळातल्या नगरपालिकेने परवानगी नाकारली! झाडं तोडणाऱ्या कंपनीला गावात स्टेशन बांधता येणार नाही. नीलिमा बघतच राहिली. खेळातसुद्धा!

"वृक्षारोपण कर," प्रफुल्ल जेवताजेवता म्हणाला. या विषयात तो तज्ज्ञ होता. "गावाच्या भोवती लाव. मग पुन्हा अर्ज कर." तिने झाडं लावली. पुन्हा नाकारलं. अजून लावली. अभनपूरभोवती जंगल झालं तेव्हा कुठे नगरपालिकेचं मन द्रवलं. धमतरीपर्यंत पोचायला वेळच उरला नाही. लाइन अभनपूरला संपत होती. पण माना आणि केंद्रीच्या मधे साक्षीपारा हॉल्ट होतं. तिथे नीलिमाने एक गाडी नेऊन ठेवली. मानावरून सुटलेली, साक्षीपाऱ्याला पोचायची असलेली. अगदी तिथेच.

हिरालाल काळा चष्मा लावून, ऑटोतून उतरून, अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "भिंत पिवळी आहे काय आपली? मले तर पांढरी वाटे." सगळे हसले. कमलाबाईंनी हातपाय धुऊन चहा टाकला. दिवेलागण झाली आणि साक्षीने टॉवेल आणला. "ड्यूटी, आबा!"

नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हिरालालनी लॅपटॉप उघडला. तो क्षणात सुरू झाला. त्यांनी कान पुढे केला.

"आवाज नाही करत?"

"दुरुस्त केला, बाबा."

"हंऽ." ते पडद्याजवळ वाकले. नव्या डोळ्यांनी त्यांनी रायपूर पाहिलं, तेलीबांधा पाहिलं, आणि बोट पडद्यावर ठेवून हळूहळू मानापर्यंत नेलं. तिथे बोट थांबलं. "हे लाइन कोणाची आहे?"

नीलिमाने सगळं सांगितलं. फिनेल, प्रश्न, फुकट, सुशील, जंगल. सांगताना मधे कमलाबाई "अवो माय" म्हणाल्या आणि मग अपराध्यासारख्या, "मी घराचं म्हणलं होतं वो पोरी. ह्याचं नाही म्हणलं."

हिरालालनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं. त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला, आणि घालायच्या आधी म्हणाले, "मागच्या डाव उखडली तवा स्टेशनवर नोटीस तरी लावली होती."

आवाजात राग नव्हता. ते थोडं हसलेसुद्धा. त्या हसण्यापेक्षा नीलिमाला सुशीलच्या दुकानात पुन्हा उभं राहणं चाललं असतं.

"बाबा, तुम्ही सांगा, मी बांधते. धमतरीपर्यंत. रोज दुपारी."

"पाहू. डॉक्टर म्हणे, डोळ्याले ताण नाही द्याचा." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते; कमलाबाईंनी मान वळवून चहात साखर घातली, जी आधीच घातलेली होती. मग हिरालालना बहुधा सुनेची दया आली. ते पुन्हा वाकले. "वळण बरोबर घेतलं आहे मानाचं. कोणं सांगितलं?"

"साक्षीनं."

"हाव काय?" त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शिट्टी शोधायला खिसा चाचपला. शिट्टी खिशातच होती. त्यांनी ती बाहेर काढली, पाहिली, आणि तशीच मुठीत धरून ठेवली.

साक्षी खुर्चीवर चढली होती, पण टॉवेल हलवत नव्हती. ती पडद्यावरच्या त्या थांबलेल्या गाडीकडे बघत होती. मुलं सगळं उशिरा ऐकतात आणि पूर्ण ऐकतात. यार्डातली गाडी, पुसलेली गाडी, मम्मीने बांधलेली गाडी, हे सगळं तिने डोक्यात एकामागे एक लावलं असावं.

"ये तो दूसरी गाड़ी है ना?" ती म्हणाली.

"हो."

घरात काहीच आवाज नव्हता. पंखासुद्धा नाही.

"तो मम्मी," साक्षीने टॉवेल खाली केला, "आबाच्या गाडीत जे लोक बसले होते, मानावरून, ते कुठं उतरले?"

नीलिमाने सासऱ्यांकडे पाहिलं. हिरालालही, मुठीत शिट्टी धरून, तिच्याकडेच बघत होते.